वीज बाजारातील सुधारणा आणि आपली उत्पादकता: नागपूरच्या लघुउद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा एमआयडीसीत माझं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. वीजदराच्या सुनावण्यांना जायला लागल्यापासून बुटीबोरी, कळमेश्वर, वाडी अशा सगळीकडून मित्रांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलं आहे.

वीज बाजारातील सुधारणा म्हणतात, ती नेमकी कोणती?

१९४८च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळं आली. वीज तयार करणं, वाहून आणणं, दारात पोचवणं आणि बिल वसूल करणं ही सगळी कामं एकाच मंडळाकडे होती. दर ठरवताना सरकारचा शब्द शेवटचा असायचा. १९९१ मध्ये निर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. १९९८च्या कायद्याने नियामक आयोगांची वाट मोकळी केली आणि १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. खरा पाया घातला तो वीज कायदा, २००३ने. त्यानुसार जून २००५ मध्ये आपल्या मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. २००८ मध्ये देशात पॉवर एक्स्चेंज, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीचा बोलीचा बाजार, सुरू झालं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं जोडलं गेलं आणि सबंध देश एका ग्रिडवर आला.

थोडक्यात तीन गोष्टी झाल्या. वीज तयार करणाऱ्यांत स्पर्धा आली, तारांचं जाळं ठरावीक आकार (शुल्क) भरून इतरांना वापरता येऊ लागलं, आणि दर सुनावणी घेऊन कारणांसह ठरवले जाऊ लागले.

दर वाढला की नफा घटतो, हे कळतं. पण उत्पादकता कशी बदलते?

माझ्या शेडमधलंच सांगतो. १६० टन दाबाचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन आहे. प्लास्टिक वितळवणारं बॅरल २१०–२२० अंशांवर तापलेलं असतं आणि दर अर्ध्या मिनिटाला एक शॉट पडतो, म्हणजे साचा एकदा भरून माल निघतो. लाइन गेली की हिटर बंद. पाच मिनिटांत परत आली तर निभावतं. वीस मिनिटं गेली की बॅरलमधला माल घट्ट व्हायला लागतो. लाइन आल्याबरोबर स्क्रू फिरवला तर तो तुटायची भीती असते, म्हणून आधी सगळं पुन्हा तापवायचं, मग आतला पिवळा पडलेला माल पर्ज करून बाहेर काढायचा. त्यानंतरचे पहिले दहा-बारा शॉट रिजेक्टच जातात. रंग जुळेपर्यंत ऑपरेटर एकेक पीस उजेडात धरून पाहत उभा असतो. वीस मिनिटांची लाइन गेली म्हणजे माझा सव्वा तास गेला.

त्या सव्वा तासात पगार चालू, बँकेचं व्याज चालू, शेडचं भाडंही चालू. मीटरवर मात्र युनिट पडत नाहीत, त्यामुळे हे नुकसान बिलात कुठेच दिसत नाही. उत्पादकतेचा प्रश्न इथे आहे. माणसं तीच, मशीन तेच, कच्चा माल तोच, आणि तयार माल कमी.

जनरेटर लावा, असं सहज सांगितलं जातं. छोटा डीजी सेट (डिझेल जनरेटर) एका लिटरमध्ये तीन-साडेतीन युनिट देतो. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर नुसत्या इंधनाचेच युनिटमागे २५ ते ३० रुपये होतात. त्यावर सेटचा हप्ता आणि ऑइल-फिल्टर वेगळे. मोठ्या कारखान्याला मोठा सेट दर किलोवॅटमागे स्वस्त पडतो, आपल्याला महाग. लाइन गेली की लहान आणि मोठ्या कारखान्यातलं अंतर वाढतं ते असं.

हे अनुभवाचं झालं. अभ्यासकांनी मोजलं आहे का?

मोजलं आहे, आणि भारतीय कारखान्यांवरच. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने देशभरातल्या कारखान्यांची आकडेवारी घेतली. पाऊस कमी झाला की जलविद्युत घटते आणि टंचाई वाढते, हा धागा धरून त्यांनी टंचाईचा परिणाम वेगळा काढला. सरासरी टंचाईमुळे कारखान्याची विक्री ५ ते १० टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. उत्पादकतेतली घट मात्र त्याहून बरीच कमी आढळली, कारण बहुतेक कच्चा माल दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येतो. ज्यांच्याकडे जनरेटर नाही त्यांच्यावर मार जास्त बसतो, हेही त्यात आहे. माझ्या बॅरलमधला माल ठेवता येत नाही. फाउंड्रीतल्या भट्टीचं आणि बेकरीतल्या फुगलेल्या पिठाचंही तसंच. म्हणून सरासरीच्या आकड्यावर विसंबून आपल्या धंद्याचा हिशेब करू नका.

२०१७च्या आणखी एका अभ्यासात दराचा परिणाम पाहिला गेला. वीज महागली की भारतीय कारखाने कमी वीज लागणाऱ्या मालाकडे वळतात, यंत्रं कमी वापरतात आणि त्यांच्या उत्पादकतेची वाढ मंदावते, असं त्यात दिसलं. मला हा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. बंद पडलेलं मशीन डोळ्यांना दिसतं, घ्यायचं राहून गेलेलं मशीन कुणालाच दिसत नाही. विजेच्या धास्तीने सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा विचार सोडून दिलेले दोन जण तरी माझ्या ओळखीत आहेत.

कोराडी-खापरखेडा आपल्या दाराशी. मग वीज आपल्याला स्वस्त का नाही?

सुनावणीत सर्वात तळमळीने विचारला जाणारा प्रश्न हाच. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, खापरखेडा १३४० मेगावॅटचं, चंद्रपूर २९२० मेगावॅटचं. एनटीपीसीचं मौदा आणि गोंदिया जिल्ह्यातलं तिरोडा वेगळंच. कोळसा इथला, राख इथली, नदीचं पाणी इथलं.

तरीही महावितरणचा दर राज्यभर एकच असतो. सगळ्या केंद्रांतून घेतलेल्या विजेची सरासरी काढून तो ठरतो, केंद्र जवळ आहे म्हणून कुणाला सूट मिळत नाही. पलीकडे रायपूरच्या पट्ट्यात स्पंज आयर्न आणि रोलिंग मिलचं मोठं जाळं उभं राहिलं आहे. ज्या धंद्यात वीज हाच मोठा खर्च, तिथे युनिटमागे एक रुपयाचा फरकही कारखाना कुठे उभा राहायचा ते ठरवतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना २०१६ पासून राज्य सरकारने वीजदरात सवलत दिली ती हीच अडचण ओळखून.

माझं मत असं की सवलत ही तात्पुरती मलमपट्टी आहे. ती तिजोरीवर अवलंबून असते आणि दरवर्षी टिकेल याची खात्री नसते. कारखानदार दहा वर्षांचं कर्ज काढतो तेव्हा त्याला दहा वर्षांचा अंदाज लागतो. जिथे वीज तयार होते तिथल्या दरात वहनाचा खरा खर्च दिसावा, ही मागणी सवलतीपेक्षा जास्त भक्कम आहे.

पॉवर एक्स्चेंजवर वीज दोन-तीन रुपयांना मिळते म्हणतात. मी घेऊ शकतो का?

एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पडतात आणि प्रत्येक भागाचा भाव बोलीतून ठरतो. ऊन तापलेलं असताना सौर वीज भरपूर असते, तेव्हा भाव खरंच दोन-तीन रुपयांवर येतो. संध्याकाळी ऊन उतरलं की कूलर आणि एसी चालूच असतात, सौर मात्र संपलेलं असतं. तेव्हा भाव कमाल मर्यादेला टेकतो. ही मर्यादा २०२२ मध्ये युनिटला १२ रुपये होती, २०२३ पासून १० रुपये आहे.

थेट खरेदीसाठी, म्हणजे महावितरणच्या तारांतून दुसऱ्याकडची वीज घेण्यासाठी, ओपन अ‍ॅक्सेस लागतो आणि तो साधारणपणे एक मेगावॅट किंवा त्याहून जास्त मागणी असलेल्यांना मिळतो. हरित विजेसाठी २०२२च्या नियमांनी ही अट १०० किलोवॅटवर आणली. इथे आपल्यातल्या बऱ्याच जणांना दार उघडलं आहे, पण चौकशी फार थोड्यांनी केली आहे. ओपन अ‍ॅक्सेसच्या विजेवर वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार आणि वाटेतली गळती हे सगळं चढतं. नुसता एक्स्चेंजचा भाव पाहून हुरळून जाऊ नका. दारात पडणारा भाव काढा.

आणि हे लक्षात ठेवा की देशातल्या एकूण विजेपैकी एक्स्चेंजवर विकली जाते ती दहा टक्क्यांच्या आतच. बाकीची बहुतेक वीज पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांत बांधलेली आहे. बाजार आला म्हणतो, पण आपल्या बिलातला मोठा भाग त्या करारांचाच आहे.

मोठे उद्योग ओपन अ‍ॅक्सेसने निघून गेले तर त्यांचा भार आमच्यावर पडतो का?

पडतो. या प्रश्नावर माझं कुणाशीच पूर्ण जुळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करारातल्या केंद्रांना दोन प्रकारचे पैसे द्यावे लागतात. एक इंधनाचे, म्हणजे जेवढी वीज घेतली तेवढे. दुसरे स्थिर आकाराचे, वीज घेतली काय आणि न घेतली काय, केंद्र तयार ठेवल्याचे. मोठा ग्राहक बाहेर गेला की इंधन वाचतं, स्थिर आकार वाचत नाही. तो उरलेल्यांत वाटला जातो. शिवाय उद्योग खर्चापेक्षा जास्त दर भरतात आणि त्या जादा पैशातून शेतीचा व छोट्या घरगुती ग्राहकांचा दर खाली ठेवला जातो. भरणारा गेला की तोही हिशेब कोलमडतो. क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार लावतात ते यासाठी.

मोठे म्हणतात अधिभार अन्यायाचा, महावितरणला तो कमी वाटतो. लघुदाबावरचे, म्हणजे छोट्या जोडणीचे आपण दोघांच्या मध्ये सापडलो आहोत. बाहेर जाता येत नाही आणि गेलेल्यांचं ओझं चुकत नाही. २००६च्या दर धोरणात म्हटलं होतं की कोणत्याही गटाचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या वर-खाली २० टक्क्यांच्या आत यावा. ते धोरण नीट पाळलं असतं तर बाहेर पळायचं कारणच उरलं नसतं आणि अधिभारावर एवढी भांडणं झाली नसती. सुधारणेतला सर्वात मोठा राहून गेलेला भाग मला हाच वाटतो. स्पर्धेचा फायदा उच्चदाबावर थांबला, डीपीच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या) खाली उतरला नाही.

परदेशात सुधारणेचा फायदा कुणाला मिळाला?

इंग्लंडने १९९० मध्ये आपलं सरकारी वीज मंडळ फोडून विकलं. १९९७च्या एका गाजलेल्या अभ्यासाने हिशेब मांडला, तेव्हा वीज तयार करण्याचा खर्च कायमचा सुमारे ५ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. पण फायदा कंपन्या आणि भागधारकांकडे गेला, ग्राहकाच्या हाती आला नाही. अमेरिकेत कोणतं केंद्र केव्हा चालवायचं हे बाजाराने ठरवायला लागल्यावर उत्पादन खर्च साधारण ५ टक्क्यांनीच घटला, असं २०२२च्या अभ्यासात आलं. स्वस्त केंद्र आधी चालवायचं, महाग नंतर, एवढ्या साध्या शिस्तीचा हा फायदा. आपल्याकडेही २०१९ पासून आंतरराज्य केंद्रांसाठी अशी शिस्त लावायला सुरुवात झाली आहे.

आणि बाजार फसला तर?

फसतो. कॅलिफोर्नियात २०००–०१ मध्ये घाऊक भाव मोकळे सोडले आणि किरकोळ दर बांधून ठेवले. मधली वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली आणि शहरं अंधारात. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१च्या थंडीत भाव युनिटला ९ डॉलरवर गेला. आपल्याकडचं दाभोळचं खासगी वीज केंद्र मात्र बाजाराने फसलं असं मी मानत नाही. तिथे स्पर्धात्मक बोलीच झाली नव्हती, दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी जोडला होता आणि घेणारा एकच होता. २००१ मध्ये ते बंद पडलं. बाजाराविना खासगीकरण केलं की काय होतं, त्याचं ते उदाहरण आहे.

दुपारी वीज स्वस्त करणार म्हणतात. शिफ्ट बदलायची का?

२०२३च्या केंद्रीय नियमांनुसार उन्हाच्या आठ तासांतला दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळचा दर जास्त ठेवायचा आहे. महाराष्ट्रात बरीच वर्षं उलटं होतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत औद्योगिक विजेला युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची, म्हणून कित्येकांनी रात्रपाळी बसवली. आता सवलतीचा रोख दिवसाकडे वळला आहे. आपल्या बिलावरचं टीओडीचं (वेळेनुसार दराचं) कोष्टक काढून बघा, वेळा बदलत राहतात.

शिफ्ट बदलण्याआधी कामगारांना विचारा. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याच्या शेडखाली दुपारी माणूस पूर्ण ताकदीने काम करू शकत नाही. दोन रुपये वाचवायला गेलात आणि रिजेक्शन वाढलं तर हातात काही उरणार नाही. मी ग्राइंडर, ड्रायर आणि चिलरची टाकी थंड करणं एवढंच दुपारवर टाकलं आहे. मोल्डिंग अजून पहाटेच सुरू होतं.

पॉवर फॅक्टरकडे एवढं लक्ष का द्यायचं?

पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा. केव्हीएएच बिलिंग, म्हणजे ओढलेल्या सगळ्या विजेचं बिल असेल तर पॉवर फॅक्टर ०.९० असताना १०० युनिटच्या कामाला १११ युनिटचं बिल येतं. तो सुधारणारं कपॅसिटर पॅनेल तपासून घ्या, फुगलेले कपॅसिटर बदला. दर कमी करून घ्यायला आयोगाकडे जावं लागतं, हे काम उद्या सकाळी होतं.

खासगी कंपनी आली तर लाइन कमी जाईल का?

नागपूरने हा प्रयोग पाहिला आहे. २०११ ते २०१९ या काळात शहराच्या महाल, गांधीबाग, सिव्हिल लाइन्स भागांतलं वितरण फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणच्या वतीने काम पाहणाऱ्या खासगी कंपनीकडे होतं, नंतर ते महावितरणने परत घेतलं. भिवंडीत २००७ पासून फ्रँचायझी आहे आणि ती टिकली. दिल्लीत २००२ मध्ये वितरण खासगी झालं तेव्हा गळती ५० टक्क्यांच्या वर होती, ती दहाच्या खाली आली. पण तिथेही वसुलीचे हजारो कोटी पुढच्या दरांवर ढकलले गेले.

माझ्यापुरतं उत्तर असं की मालक कोण याने फरक पडतो, पण करारात काय लिहिलं आहे याने जास्त पडतो. गळती कमी करण्याचं उद्दिष्ट सगळे लिहितात. ट्रिपिंग किती वेळा आणि किती मिनिटं, याचं उद्दिष्ट आणि दंड करारात असेल तरच कारखान्याला फायदा.

शेतकऱ्याची मोफत वीज आपल्या खिशातून जाते का?

काही भाग उद्योगाच्या जादा दरातून, काही सरकारच्या अनुदानातून. २०२४ पासून राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज दिली आहे. शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. काटोल-वरुडच्या संत्रा बागायतदाराला रात्री दोन वाजता थ्री फेज मिळते, हातात बॅटरी घेऊन साप-विंचवातून तो मोटर चालू करायला जातो आणि सकाळी पुन्हा मजुरांबरोबर उभा राहतो. उत्पादकतेचं नुकसान त्याचंही आहेच. शेतीचे फिडर (शेतीपुरत्या वेगळ्या वीजवाहिन्या) दिवसा सौर विजेवर चालवण्याची २०१७ची सौर कृषी वाहिनी योजना म्हणूनच मला दोघांच्या हिताची वाटते. त्याला दिवसा पाणी मिळतं आणि महागड्या विजेतून शेतीला द्यायचा भाग कमी होतो. आपल्या इथल्या संत्र्याच्या प्रक्रिया उद्योगाला कच्चा माल पुरवतो तो हाच बागायतदार.

आम्ही छोटे. आमचं ऐकतं कोण?

आयोगाच्या दर सुनावण्या नागपुरातही होतात आणि कुणालाही लेखी हरकत घेता येते. पुरवठ्याच्या तक्रारीसाठी आधी वितरण कंपनीचा अंतर्गत कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. मुंबईखेरीज लोकपालाचं कार्यालय आपल्या नागपुरातही आहे. कृती मानकांत (सेवेच्या किमान निकषांत) पुरवठा पूर्ववत करण्याची मुदत आणि भरपाईची तरतूद आहे.

पुरावा मात्र आपल्याकडे हवा. काही वर्षांपूर्वी मी वारंवार लाइन जाते अशी तक्रार केली, तेव्हा समोरच्या साहेबांनी तारखा आणि वेळा मागितल्या. माझ्याकडे एकही नव्हती. तेव्हापासून मेन पॅनेलशेजारी दोरीला पेन बांधून एक वही टांगली आहे. तारीख, लाइन गेल्याची वेळ, आल्याची वेळ, पहिला चांगला पीस निघाल्याची वेळ, रिजेक्ट शॉट आणि पर्ज केलेल्या मालाचं वजन, एवढेच रकाने. जो ऑपरेटर हजर असेल तो भरतो. चौथा रकाना चुकवू नका. लाइन आल्याची वेळ वितरण कंपनीकडेही असते, पहिला चांगला पीस केव्हा निघाला हे फक्त तुमच्या वहीत असतं.